भिजत घोंगडं आणि गुलाबाचे हातमोजे

खामगाव-जालना रेल्वेमार्गाची बातमी आली की मथळा ठरलेला असतो: भिजत घोंगडं. भरती रखडली, पीकविम्याचे पैसे अडकले, नगरपालिकेच्या निवडणुका लांबल्या, तरी हेच घोंगडं पुन्हा पाण्यात पडतं. हा शब्द वापरणाऱ्या बहुतेकांनी भिजलेलं घोंगडं हातात घेतलेलं नसतं. कोरडं असतानाच ते दोन-तीन किलोंचं. पाणी प्यायलं की एकट्या माणसाला उचलून पिळता येत नाही, दोघांनी दोन टोकं धरावी लागतात आणि वाळायला टाकलं तर पावसाळ्यात ते दिवसचे दिवस ओलंच राहतं. म्हणून भिजत पडलेलं काम म्हणजे कुणी हात न लावलेलं काम. वाक्प्रचार टिकला, वस्तू घरातून गेली.

ही वस्तू बुलढाणा जिल्ह्यात का होती आणि तिच्या लोकरीचा स्वेटर का झाला नाही, हा या लेखाचा विषय आहे. प्रश्न विचित्र वाटेल. पण जगाच्या दुसऱ्या टोकाला, बाल्टिक समुद्राच्या काठावर, एस्टोनिया नावाचा देश आहे. त्याची लोकसंख्या साधारण १३-१४ लाख. बुलढाणा जिल्ह्याची २०११च्या जनगणनेत २५ लाख ८६ हजार होती. म्हणजे आपल्या एका जिल्ह्याच्या जेमतेम निम्मा देश. तिथल्या शेतकरी बायकांनी शेकडो वर्षं घरच्या मेंढ्यांच्या लोकरीतून हातमोजे विणले आणि आज त्यांच्या टाक्यांची नावं जगभरच्या विणणाऱ्यांना पाठ आहेत. फोनवर विणकामाचे व्हिडिओ बघणाऱ्या कुणालाही ‘एस्टोनियन इनले’ हा प्रकार कधी ना कधी दिसतोच: एकरंगी स्वेटरच्या छातीवर किंवा मनगटावर रंगीत चौकटी, चांदण्या, त्रिकोण, अगदी भरतकाम केल्यासारखे. मेंढ्या त्यांच्याकडे होत्या, आपल्याकडेही होत्या. हात त्यांच्याकडे होते, आपल्याकडेही होते.

आधी आपल्या घाटावर येऊ. जुन्या वऱ्हाडाची विभागणी दोन भागांत व्हायची. खाली पूर्णा नदीचा सपाट, काळ्या मातीचा पयनघाट: मलकापूर, नांदुरा, शेगाव, खामगाव. वर डोंगराळ बालाघाट: चिखली, मेहकर, देऊळगाव राजा. बुलढाणा गाव त्या दोहोंच्या कडेवर, अजिंठ्याच्या रांगेत, सुमारे साडेसहाशे मीटर उंचीवर आहे. १८६०च्या दशकात इंग्रजांनी जिल्ह्याचं ठाणं इथे आणलं, त्यात गार हवेचा वाटा मोठा होता. विदर्भात उन्हाळ्याची दहशत, पण बुलढाण्यात डिसेंबरच्या पहाटे शेकोटी लागते. घाटावरच्या माळांवर मेंढ्या चरायच्या आणि मेंढ्यांमागे धनगर फिरायचा. रसेल आणि हिरालाल यांच्या १९१६च्या ग्रंथात, मध्य प्रांत आणि वऱ्हाडातल्या जातीजमातींची नोंद करताना, धनगरांची ओळखच ‘मेंढपाळ आणि घोंगड्या विणणारे’ अशी दिलेली आहे. पश्चिम महाराष्ट्रात घोंगडी विणणारे सणगर वेगळे, इकडे राखणारा आणि विणणारा बऱ्याचदा एकच.

घोंगडीचं काम एका माणसाचं कधीच नव्हतं. मेंढ्या आधी ओढ्यात धुवायच्या, मग कातरीने लोकर उतरवायची, वर्षातून साधारण दोनदा. कोकराची पहिली लोकर ती जावळ. माणसाच्या बाळाच्या पहिल्या केसांना जो शब्द, तोच कोकरालाही. जावळाची लोकर सगळ्यांत मऊ, म्हणून तिची घोंगडी मानाची आणि महाग. लोकर पिंजायची, तिचे पेळू करायचे आणि मग कातणं. हे कातणं घरातल्या बायकांचं. दिवसभराचा स्वयंपाक, पाणी, शेरडं-कोकरं सांभाळून उरलेल्या वेळात चरख्यावर सूत काढायचं आणि एका घोंगडीला पुरेल इतकं सूत व्हायला आठवडे जायचे. उभ्या धाग्यांना चिंचोक्याची खळ लावून कुंच्याने सारखं करायचं, म्हणजे खरखरीत लोकर मागावर तुटत नाही. खड्ड्याचा माग जमिनीशी लागून असतो, विणणारा खड्ड्यात पाय सोडून बसतो. मागाची रुंदी कमी, म्हणून दोन पट्टे विणून मध्ये शिवायचे.

आणि मग ती घोंगडी काय नसायची? अंथरूण, पांघरूण, पावसात डोक्यावरून घेतलेली खोळ, धान्य वाहायचं गाठोडं, पोराची झोळी, खंडोबाच्या जागरणात देवाचं आसन. सुई लावावी लागत नाही, माप घ्यावं लागत नाही, बापाची मुलाला होते. नक्षी म्हणाल तर काळ्यात एखादी पांढरी पट्टी, तीही रंगवलेली नाही, पांढऱ्या मेंढीची.

हा काळा रंगच पुढच्या सगळ्या गोष्टीचा अर्धा खुलासा आहे. दख्खनी मेंढी बहुतेक काळी किंवा काळी-पांढरी. काळ्या लोकरीवर दुसरा रंग चढत नाही. मजिठ घ्या, नीळ घ्या, काळं ते काळंच. शिवाय तंतू जाडाभरडा, मेरिनोच्या दुपटीहून जाड, मध्ये पोकळी असलेला. पाऊस अडवायला उत्तम, गळ्याला लावायला नको. ज्या लोकरीवर रंग चढत नाही तिथे रंगीत नक्षीची कला कशी उगवणार? मात्र याला ‘आपल्याकडे सौंदर्यदृष्टी नव्हती’ असं म्हणणं हा मूर्खपणा आहे. घाटापलीकडे पैठणला कापूस, रेशीम आणि जर यांतून काय निघत होतं ते जगाला माहीत आहे. रंग जिथे चढत होता तिथे तो चढवला गेला.

खुलाशाचा दुसरा अर्धा भाग कापसात आहे. १८५३च्या तहाने वऱ्हाड निजामाकडून इंग्रजांच्या ताब्यात आलं. पुढच्या दशकात अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, मँचेस्टरच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेना आणि खामगाव हे नाव लिव्हरपूलच्या व्यापाऱ्यांच्या तोंडी बसलं. १८७० साली जलंब ते खामगाव अशी खास फाट्याची रेल्वे झाली, उद्घाटनाला व्हाइसरॉय लॉर्ड मेयो स्वतः आला. लक्ष्मण सत्या या इतिहासकाराने वऱ्हाडातल्या कापसावर आणि दुष्काळावर, आणि नंतर तिथल्या गुराढोरांवर, स्वतंत्र पुस्तकं लिहिली आहेत. गायरानं आणि पडीक जमिनी कापसाखाली गेल्या, उरलेलं रान सरकारी जंगल झालं आणि चराई आक्रसली, ही त्यांतली मुख्य कहाणी. मेंढीला माळ लागतो. माळ गेला की मेंढपाळ आणखी लांब चालतो किंवा मेंढ्या विकतो. १८९९-१९००च्या दुष्काळाने उरलंसुरलं काम केलं. घोंगडी लगेच बंद पडली नाही, पण ती ज्या जमिनीवर उभी होती ती निसटत गेली. जी रेल्वे कापूस न्यायला आली, तिनेच परतीच्या डब्यांतून गिरणीचं कापड, ब्लँकेटं आणि पुढे लोकरीच्या लड्या आणल्या.

दोन सुयांचं विणकाम आपल्याकडे आलं ते या लड्यांबरोबर. माग, सूत, भरतकाम यांची परंपरा भारतात हजारो वर्षांची, पण सुयांवर टाके घालून कापड करण्याची सवय इथल्या सपाट, उष्ण प्रदेशात नव्हती. एकोणिसाव्या शतकात ती युरोपीय मडमा, मिशनरी बायका आणि मुलींच्या शाळा यांच्यामार्फत पसरली. वऱ्हाडात ख्रिश्चन अँड मिशनरी अलायन्स या अमेरिकी मिशनचं काम अकोला, खामगाव, मलकापूर, चिखली या पट्ट्यात होतं. एकंदरीतच मिशनच्या मुलींच्या शाळांत वाचन-लेखनाच्या बरोबरीने शिवण आणि सुईकाम शिकवायची रीत होती. पुढे हिंदू सुधारकांच्या संस्थांनीही ती उचलली. रमाबाई रानड्यांचं पुण्यातलं सेवासदन १९०९चं. मुलगी शिकली तर बिघडेल, या भीतीवर ‘विणकामही शिकते हो’ हे हमखास उत्तर होतं. स्वेटरच्या सुयांनी किती मुलींना शाळेच्या दारातून आत नेलं असेल!

कच्चा माल देशातच तयार होत होता. कानपूरची लोकर गिरणी, जिला सगळा देश ‘लाल इमली’ म्हणून ओळखतो, ती १८७६ची. पंजाबात धारीवालची गिरणी त्यानंतर चारेक वर्षांतली. तिथला मऊ, पांढरा आणि म्हणूनच हव्या त्या रंगात रंगवलेला धागा गावोगावच्या दुकानांत पोचला. गंमत बघा, घाटावर घरामागे मेंढ्या बांधलेल्या आणि घरात विणायला लोकर येते कानपूरहून! या दोन लोकरी एकाच तालुक्यात राहिल्या, पण त्यांची गाठ पडली नाही. एक धनगरवाड्यातली, दुसरी वाड्यातली. एक कातणाऱ्या बाईच्या हातची, दुसरी विणणाऱ्या मुलीच्या हातची. त्या दोघी एकमेकींच्या ओसरीवर बसून टाके शिकल्या असत्या, तर हा लेख वेगळा झाला असता. जातीच्या समाजात ओसरी हीच अडचण असते.

भाषेने मात्र दोघींना एकाच क्रियापदात बसवलं. घोंगडी ‘विणतात’, स्वेटर ‘विणतात’, बाजही ‘विणतात’. इंग्रजीत मागाला एक शब्द आणि सुयांना दुसरा. एस्टोनियन भाषेत आपल्यासारखंच आहे: ‘कुदुमा’ म्हणजे मागावर विणणं आणि सुयांवर विणणंही. बाकी शब्द आपल्या बायकांनी स्वतः घडवले. सुलट टाका, उलट टाका, टाके घालणं, टाके मिटवणं, जाळी, वेणी. ओळीला ओळ न म्हणता ‘सुई’ म्हणायचं: चार सुया सुलट, मग एक सुई जाळीची. पुस्तकातल्या इंग्रजी खुणांपेक्षा हा हिशेब तोंडी सांगायला कितीतरी सोपा.

स्वेटर दोन महिन्यांच्या थंडीसाठी, मग एवढं विणलं कशासाठी? मराठी घरात विणकामाला दोन पक्क्या जागा मिळाल्या. पहिली बाळंतविडा. झबलं, कुंची, दुपटं यांच्यात टोपी, मोजे आणि बोटभर बाह्यांचा स्वेटर येऊन बसला. दुसरी रुखवत. लग्नात मुलीकडची मंडळी मुलीच्या हातचं काम मांडून ठेवतात, त्यात क्रोशाचे रुमाल आले, तोरणं आली, विणलेला स्वेटरही आला. मांडलेल्या वस्तूंवरून सासरची माणसं मुलीचा हात जोखत. हातातल्या कलेची ही परीक्षा मुलीला आवडत असेल असं समजायचं कारण नाही.

आता एस्टोनिया. तिथेही नेमकी हीच परीक्षा होती, फक्त आणखी कडक. लग्न ठरलेल्या मुलीच्या पेटीत डझनावारी हातमोजे, मोजे, पट्टे तयार असायला लागत. लग्नाच्या दिवशी ते सासरच्या नातेवाइकांना, वऱ्हाड्यांना वाटले जात. त्या पेटीला ‘वेइमेवक्क’ म्हणतात. रुखवताची चुलत बहीणच. फरक असा की तिथलं हातमोजं घालायला आठ महिने थंडी होती. योउगा नावाच्या ठिकाणी एका जुन्या कबरीत विणलेल्या हातमोज्याचा तुकडा सापडला, तो १३व्या शतकाच्या अखेरचा किंवा १४व्याच्या सुरुवातीचा मानतात. उत्तर युरोपातल्या सर्वांत जुन्या विणलेल्या वस्तूंपैकी तो एक. म्हणजे आपल्याकडे देवगिरीचे यादव राज्य करत होते तेव्हापासूनची ही सवय.

हे विणणारे लोक राजे-सरदार नव्हते. जमीन जर्मन जमीनदारांची, शेतकरी त्यांचे भूदास. भूदासपण कायद्याने संपलं ते १८१६ आणि १८१९ साली. विकतचा रंगीत धागा अशा घरात कुठून येणार? रंगवलेली लोकर म्हणजे चैन. ती थोडीच वापरायची आणि दिसेल अशी वापरायची. मला वाटतं, इनलेचं रहस्य इथेच आहे.

एस्टोनियनमध्ये या प्रकाराचं नाव ‘रोसिमिने’. ‘रोस’ म्हणजे गुलाब. नक्षी गुलाबाची असो की नुसत्या चौकोनाची, ती ‘गुलाबं’च. करायचं असं: मूळ धाग्याने, समजा पांढऱ्याने, गोल फेरीत सुलट टाके विणत जायचं. नक्षीची जागा आली की रंगीत धागा हातात घ्यायचा, पण तो विणायचा नाही. काही टाक्यांच्या पुढून त्याला आडवा जाऊ द्यायचं, मग मागे न्यायचं, पुन्हा पुढे आणायचं. पुढून गेला तिथे सुलट बाजूला एक आडवी रंगीत रेघ दिसते. ओळीवर ओळ अशा रेघा रचल्या की चौकट उभी राहते. सुई-दोरा घेऊन नंतर भरल्यासारखी ती दिसते, पण कापडाबरोबरच जन्मलेली असते.

अडचण दुसऱ्या फेरीत येते. पहिल्या फेरीअखेर रंगीत धागा नक्षीच्या डाव्या टोकाला थांबलेला असतो आणि गोल विणताना आपण पुन्हा उजवीकडून येतो. यावर त्यांनी काढलेली युक्ती मला फार आवडते. डावीकडच्या धाग्याचा सैल फास करून उजवीकडे आणायचा, त्या फासालाच टाक्यांच्या पुढे-मागे घालत जायचं आणि नक्षी संपली की उरलेला सैलपणा ओढून घ्यायचा. तिसऱ्या फेरीत धागा आपोआप उजवीकडे हजर. प्रत्येक नक्षीला स्वतःचा हातभर धागा, मागे लांब लोंबणारे दोरे नाहीत, बोट अडकत नाही. पैठणीत प्रत्येक बुट्ट्याला वेगळी छोटी कांडी लागते, तसाच हा विचार.

नेहमीच्या दोरंगी विणकामात दोन्ही धागे अंगभर फिरतात, म्हणजे रंगीत लोकरही भरपूर लागते. इथे नक्षीपुरतीच लागते. गरिबाच्या घरातल्या चार हात लाल धाग्याचं मनगटावर गुलाब होतं.

परंपरेने हे काम मुख्यतः हातमोज्यांवर आणि मोज्यांवर व्हायचं. अंगभर स्वेटरवर इनले घालणं ही अलीकडची, नमुने विकणाऱ्या विणकरांची कल्पना आहे. मुहू बेटावरचा प्रसिद्ध झगझगीत गुलाबी आणि केशरीसुद्धा फार प्राचीन नाही. १९व्या शतकाच्या अखेरीस कारखान्यातले रासायनिक रंग बेटावर पोचले आणि बायकांनी ते हावरटासारखे उचलले. ‘अस्सल परंपरा’ म्हणून जे विकलं जातं त्यात बाजारातून आलेला रंग असतोच, आणि त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही.

मग त्यांचं नाव जगभर आणि आपल्या कातणाऱ्या बायका कुठेच नाहीत, असं का झालं? याचं उत्तर लोकरीत नाही, नोंदीत आहे. १९०९ साली तार्तू या विद्यापीठाच्या गावात एस्टोनियाचं राष्ट्रीय संग्रहालय स्थापन झालं. तेव्हा देश म्हणून एस्टोनिया अस्तित्वातही नव्हता, तो रशियन साम्राज्याचा भाग होता. लोकगीतं गोळा करणाऱ्या याकोब हुर्त यांच्या स्मरणार्थ लोकांनीच ते उभारलं आणि स्वयंसेवक खेडोपाडी फिरून मोजे, हातमोजे, पट्टे, पेट्या आणू लागले. कुठल्या गावचा, कुणाच्या घरचा, ही माहिती वस्तूबरोबर लिहिली गेली. आज एखादी विणणारी बाई ‘हा अमुक गावचा टाका’ असं सांगू शकते ते त्या वह्यांमुळे. विल्यांदी गावातल्या महाविद्यालयात पारंपरिक वस्त्रकला हा पदवीचा विषय आहे.

त्याच्या पुढच्याच वर्षी, १९१० साली, ए. ई. नेल्सन यांनी संपादित केलेलं बुलढाणा जिल्ह्याचं गॅझेटियर छापून आलं. अशा ग्रंथांची रचना सर्वांना ठाऊक आहे: जमीन, महसूल, पिकं, जाती, बाजार, रस्ते. ज्याला राज्य चालवायचं आहे त्याने केलेली ती नोंद. उपयुक्त आहे, मीही वापरते. पण तार्तूचे स्वयंसेवक स्वतःच्या आजीच्या पेटीत डोकावत होते आणि गॅझेटियरचा साहेब दुसऱ्याच्या घराची मोजणी करत होता. एकीकडे हातमोजं वस्तू म्हणून जपलं गेलं, दुसरीकडे घोंगडी ‘स्थानिक उद्योग’ म्हणून एका सदरात गेली.

आपल्या अभ्यासकांनी धनगरांकडे पाहिलंच नाही असं नाही. गुंथर सोन्थायमर हा जर्मन संशोधक वर्षानुवर्षं वाड्यांवर राहिला, बिरोबा-म्हस्कोबाच्या ओव्या त्याने ध्वनिमुद्रित केल्या. रा. चिं. ढेऱ्यांनी ‘श्रीविठ्ठल: एक महासमन्वय’मध्ये विठोबाचं मूळ गवळी-धनगरांच्या दैवतात शोधलं आणि त्या ग्रंथाला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. देव सापडले, गाणी सापडली. देवाच्या खाली अंथरलेल्या घोंगडीचं सूत कुणी, कसं, कोणत्या पिळाने काढलं, त्याला असा ध्यास लागलेला माणूस मिळाला नाही. वाड्यातल्या विणणाऱ्या मुलींचं तरी कुठे जमा झालं? रुखवतातला स्वेटर वापरून झिजला की उसवून लोकर परत गुंडाळायची, नव्या बाळासाठी घालायची. उसवता येणं हा विणकामाचा मोठा गुण, पण संग्रहालयाच्या दृष्टीने तो घातकच.

एकदाच असं झालं की या विणकामाने घर सोडलं. ऑक्टोबर १९६२ मध्ये चीनचं आक्रमण झालं. सुती कपड्यांतले जवान हिमालयात गारठत होते आणि देशभर बायकांनी सुया हातात घेतल्या. मुंबईत पहिल्या महायुद्धाच्या वेळीही लेडी विलिंग्डन यांच्या पुढाकाराने सैनिकांसाठी असं काम झालं होतं, पण ते साहेबाचं युद्ध होतं. यावेळी शाळांत, महिला मंडळांत, ओसऱ्यांवर स्वेटर, मोजे, मफलर तयार होऊ लागले. यशवंतराव चव्हाण मुख्यमंत्रिपद सोडून संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला गेले, त्याला ‘हिमालयाच्या मदतीला सह्याद्री’ म्हटलं गेलं. त्या मदतीत उलट-सुलट टाक्यांचाही हिस्सा होता. युद्ध महिन्याभरात थांबलं. अर्धवट विणलेल्या बाह्या मग घरच्याच कुणाच्या तरी स्वेटरला लागल्या असतील.

त्यानंतरची घसरण झपाट्याने झाली. आधी कॅशमिलॉन आला. ॲक्रिलिकचा धागा: स्वस्त, मऊ, भडक रंगांचा, यंत्रात धुता येणारा. आपण त्यालाही ‘लोकर’च म्हणत राहिलो, आजही दुकानात ‘लोकरीचा गुंडा द्या’ म्हटलं की बहुतेक वेळा मेंढीशी काही संबंध नसलेला गुंडा मिळतो. मग लुधियानाचे तयार स्वेटर आले. ते विकायला हिवाळ्यात विदर्भातल्या गावांत तिबेटी निर्वासितांची दुकानं लागायची, अजूनही लागतात. १९५९ नंतर मायदेश सोडून आलेल्या या लोकांची एक वसाहत विदर्भातच, गोठणगावजवळ आहे. सुरुवातीला त्यांच्यातल्या बायका स्वतः विणलेले स्वेटर विकत. पुढे त्यांनाही लुधियानाचा माल परवडू लागला. तयार स्वेटर जेव्हा नुसत्या लोकरीच्या किमतीत मिळू लागला, तेव्हा विणणं हा आजीचा छंद झाला.

मेंढीचीही गोष्ट तिथेच संपली नाही. पैसा मांसात आहे, म्हणून भराभर वजन धरणाऱ्या जातींकडे कळप वळले. दख्खनी मेंढी अजूनही भादरावी लागते, नाहीतर उन्हाळ्यात ती आजारी पडते. पण अनेक ठिकाणी भादरणाऱ्याची मजुरी उतरलेल्या लोकरीच्या किमतीपेक्षा जास्त होते आणि लोकर माळावरच पडून राहते किंवा जाळली जाते. ऑस्ट्रेलियातून लोकर आयात करणाऱ्या देशात. गेल्या काही वर्षांत या देशी लोकरीसाठी काम करणारे गट उभे राहिले आहेत. याच विषयावरच्या ‘देसी ऊन’ या ॲनिमेशनपटाला २०२५ साली फ्रान्समधल्या आन्सी महोत्सवात पुरस्कार मिळाला. तो फोनवर बघण्यासारखा आहे. मुख्य पात्र म्हणजे लोकरच.

आता हातात सुया घेऊन विचार करू. काळ्या लोकरीवर रंग चढत नाही, म्हणून रंगीत नक्षी नाही, असं मी वर म्हटलं. ते मागासाठी आणि रंगाऱ्यासाठी खरं आहे. रोसिमिनेत मात्र मूळ लोकरीला रंगवायचंच नसतं. काळं अंग काळंच राहतं, रंगीत धागा त्याच्या वरून आडवा जातो. तो विणला जात नसल्याने मूळ लोकरीच्या जाडीशी त्याची जाडी जुळायलाही लागत नाही. पांढऱ्या दख्खनी मेंढीची मूठभर लोकर मजिठात लाल केली, डाळिंबाच्या सालीत पिवळी केली, तरी एका बंडीच्या छातीवरच्या पट्ट्याला पुरेल. गळ्याला टोचू नये म्हणून ती सदऱ्यावरून घालायची, बिनबाह्यांची. अंगासाठी जावळाची लोकर घ्यावी, दोन पदरी कातलेली. पीळ जरा सैल ठेवावा, कारण घोंगडीच्या ताण्याला लागतो तेवढा कडक पीळ सुयांवर दोरखंडासारखा वागतो. सुया जाड, सहा मिलिमीटरच्या आसपास. टाके घालताना सैल हाताने घालावेत, ही लोकर ताणत नाही.

नक्षीसाठी एस्टोनियाचे गुलाब उचलायची गरज नाही. रोसिमिनेला आडव्या रेघांतून उभी राहणारी आकृती लागते. चौकोन, पायऱ्या, करंडा, शंकरपाळी. उंबऱ्यापुढच्या रांगोळीत आणि गोधडीच्या कोपऱ्यात त्या सगळ्या आहेत. चौकटीच्या वहीवर आधी काढून बघाव्यात. एक चौकट म्हणजे एक टाका, आणि एका वेळी पाच टाक्यांपेक्षा जास्त लांब रेघ पुढून सोडू नये, ती अडकते.